धाकटी, थोरली, आत्या आणि आजी

(बॉक्सिंग स्पर्धेची आतली खोली. सर मुंगीच्या हातांना पट्ट्या बांधताहेत. वहिनी शेजारी.)

सर : दुसरा हात दे. बोटं पसर. हं. आता परत सांग, मी 'एक-दोन' म्हटलं की काय करायचं?

मुंगी : एक-दोन.

सर : म्हणजे?

मुंगी : म्हणजे आधी एक. मग दोन.

सर : आणि 'एक-दोन-तीन' म्हटलं तर?

मुंगी : हो हो, कळलं सर.

सर : कळलं का, असं मी विचारलंच नाही. काय करशील ते विचारतोय.

वहिनी : पट्टी फार आवळली जातेय का गं? बोटं पांढरी पडलीत तुझी.

मुंगी : ठीक आहे वहिनी.

वहिनी : सगळंच ठीक असतं हिचं. निखाऱ्यावर उभी केलीत तरी 'ठीक आहे' म्हणेल, सर.

सर : तुम्ही जरा बसा हो. बादली आणि टॉवेल तुमच्याकडे, बोलणं माझ्याकडे, असं ठरलंय ना आपलं? हे बघ मुंगी. मोठे सर पाठ धरून घरी पडलेत, म्हणून आज तुझ्या कोपऱ्यात मी आहे. मी मुलांची बॅच घेतो, तुझा खेळ मी लांबूनच पाहिलाय. पण आकडे सगळ्या क्लबात सारखेच. एक म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. दोन, मागच्या हाताचा. तीन, पुढच्याच हाताने पण बाजूने. चार... चार तू सांग.

मुंगी : चार पण बाजूने.

सर : कुठल्या हाताने?

मुंगी : दुसऱ्या.

सर : दुसऱ्या म्हणजे? डाव्या की उजव्या?

मुंगी : सर, आपली मॅच कधी आहे हो?

सर : ही माझी थट्टा करतेय का?

वहिनी : नाही हो, थट्टा कसली. सांग ना गं त्यांना.

मुंगी : वहिनी!

वहिनी : वहिनी काय वहिनी? मागच्या वेळीही हेच केलंस. ते बदली आलेले सर जे म्हणतील त्याला 'हो हो'. मग ते तिकडून 'डावीकडे सरक, डावीकडे' म्हणून घसा फोडताहेत आणि ही बाई चालली सरळ ठोशाच्या तोंडात. घरी आली तेव्हा हिच्या दादाने हिला ओळखलं नाही.

मुंगी : ओळखलं होतं. नाव घ्यायला जरा वेळ लागला, इतकंच.

वहिनी : आणि सर, एक लक्षात ठेवा. ही एकदाच 'हो' म्हणाली ना, तर तिला कळलंय. 'हो हो' म्हणाली की काही कळलेलं नाही. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ओळखलं मी हे.

सर : काय सांगायचंय तुला? कुठे दुखतंय का? दुखत असेल तर आत्ता बोल, मी नाव मागे घेतो.

मुंगी : बघितलंस वहिनी? लगेच नाव मागे. म्हणून तोंड उघडत नव्हते मी.

सर : अगं, पण काय झालंय काय?

मुंगी : काही झालेलं नाहीये. पहिल्यापासूनच आहे. डिस्लेक्सिया.

सर : ते... वाचता येत नाही ते?

मुंगी : येतं. वेळ लागतो.

सर : मग? मी काय तुला रिंगमध्ये पुस्तक वाचायला पाठवतोय?

मुंगी : वाचण्यापुरतंच असतं तर आणखी काय हवं होतं, सर? आकडा ऐकू येतो. पण तो हातापर्यंत पोचत नाही. मधेच कुठेतरी बसून राहतो. दोन ऐकेपर्यंत एक सुटलेला असतो. आणि डावं-उजवं मला थांबून आठवावं लागतं. मी थांबते. समोरची थांबत नाही.

सर : पण तू तर क्लबात सगळ्यांच्या नाकी नऊ आणतेस. मी पाहिलंय.

वहिनी : मग! हात आहेत ना तिला. सायकली दुरुस्त करते ही, माहिती आहे ना तुम्हाला? सायकलचं एका बाजूचं पेडल उलटं फिरवून उघडतं. दुकानातले बाकीचे दर वेळी चुकीच्या बाजूला फिरवून बघतात. ही एकदाही चुकत नाही. हाताला ठाऊक असतं. तिला विचारलंत, की बाई हे डावं का उजवं, की संपलं.

सर : हे मला आत्ता सांगताय? हातांना पट्ट्या बांधून झाल्यावर?

मुंगी : एकदा वेळेवर सांगितलं होतं, सर. निवड शिबिरात, पहिल्याच दिवशी. तिथले साहेब म्हणाले, डोक्याचं काही असेल तर डॉक्टरांचा दाखला आण, तोपर्यंत बाजूला बस. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे का, दाखला कसला देऊ? अख्खा हंगाम मी बाकावर बसून दुसऱ्यांच्या ग्लोव्हजचे बंद बांधले. तेव्हापासून कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं. मोठ्या सरांनासुद्धा शपथ घातली होती.

सर : तरीच. सकाळी फोनवर म्हणाले, 'तिला काय बोलायचंय ते तिला बोलू दे.' मला वाटलं, पाठीच्या गोळ्यांनी ग्लानी आलीय.

मुंगी : नाव मागे घेणार आहात का? घेणार असाल तर स्पष्ट सांगा. मला खेळायचंय, सर. ही मॅच जिंकले तर उद्या फायनल आहे. इथवर मी कधी आलेच नव्हते.

सर : मोठे सर कसं करायचे?

मुंगी : म्हणजे नाही घेणार?

सर : विचारलं त्याचं उत्तर दे. कोपऱ्यातून ते ओरडायचे काय? आकडे नाहीत, डावं-उजवं नाही. मग काय?

मुंगी : घरातली माणसं.

सर : कोण?

वहिनी : मी सांगते. हे आमच्या परसात सुरू झालं. मी ड्रायव्हिंग शिकवते ना, माझ्याकडे अशी खूप माणसं येतात. चांगली शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची. 'उजवीकडे घ्या' म्हटलं की चाक डावीकडे. मी डावं-उजवं म्हणतच नाही आता. 'माझ्याकडे घ्या, तुमच्याकडे घ्या' म्हणते. गाडी कशी गुमान वळते. मग वाटलं, हिच्या हातांनाही असंच काहीतरी द्यावं. हिचा हा पुढचा हात आहे ना, तो धाकटी. धाकटी जाऊ. घरात कोणी आलं की आधी हीच पळते, दार उघडते, डोकावते, परत येते. जराही दम नाही.

मुंगी : आणि मागचा हात थोरली. ती उठत नाही लवकर. पण उठली की काम संपवूनच बसते.

सर : म्हणजे एक आणि दोन.

वहिनी : तुमचं एक आणि दोन. आमच्या घरच्या धाकटी-थोरली.

सर : आणि तीन?

मुंगी : आत्या. आत्या कधी पुढच्या दाराने येत नाही. बाजूने, न सांगता येते.

वहिनी : आणि खालून वर जातो तो ठोसा, अपरकट, ती आजी. कमरेत वाकलेली. खालून मान वर करून बघते आणि हनुवटी धरते.

सर : अहो, मी बॉक्सिंगचा कोच आहे. रिंगच्या कडेला उभा राहून 'आजी, आजी' ओरडू? पलीकडच्या कोपऱ्यात कोच म्हणून माझा सरावातला जुना जोडीदार आहे. तो मला जन्मभर सोडणार नाही.

वहिनी : मग नका ओरडू. मी ओरडते.

सर : चालेल की! तुम्हीच ओरडा.

वहिनी : पण काय ओरडू? मला ठोसा दिसेपर्यंत तो लागून गेलेला असतो. ते तुम्हाला दिसतं.

सर : मी तुम्हाला सांगेन, तुम्ही तिला सांगा.

मुंगी : तोवर माझी वरात निघालेली असेल.

सर : बरं. बरं! उभी राहा. पॅड कुठे आहेत? हं. धाकटी. धाकटी. थोरली. अरे वा. परत. धाकटी, थोरली. आत्या! ...हे काय होतं?

मुंगी : आत्या.

सर : एवढी जोरात?

मुंगी : आमची आत्या तशीच आहे.

वहिनी : नाव पुकारलं बघा तिचं. चला. सर, ग्लोव्हजचे बंद बांधा तिचे. आणि तोंड असं करू नका, तुम्हीच रिंगमध्ये चालल्यासारखं.

(रिंगचा कोपरा. पहिला राउंड सुरू आहे. मुंगी दोरांच्या आत. सर आणि वहिनी बाहेर.)

सर : धाकटी! परत धाकटी! हं. बाहेर ये. धाकटी!

वहिनी : लाजत ओरडताय तुम्ही. मला ऐकू येत नाहीये, तिला काय येणार?

सर : तो हसतोय बघा, पलीकडचा.

वहिनी : हसू दे. दात मोजायला आलोय का आपण त्याचे? ती बघा, थांबलीये तुमच्यासाठी.

सर : थोरली! वा! लागला! बघितलंत? काय लागला!

वहिनी : नाही दिसला. पण तुमच्या तोंडावरून कळलं.

सर : समोरची उंच आहे, लांबून मारते. पण थांबा. ठोसा टाकताना तिचा दुसरा हात गालावरून खाली येतो. दर वेळी. आता टाकेल बघा. आला खाली! आजी! आजी!

वहिनी : बाजूने का खालून?

सर : बाजूने! थोरली! नाही, अगं ती... आजी नाही, ती दुसरी... तीन! तीन!

वहिनी : आई गं. नाकावर बसला.

सर : तीन म्हटलं मी तिला. तीन!

वहिनी : घंटा झाली. स्टूल. बादली सरकवा इकडे.

सर : बस. रबर काढ दातांचं. डोकं मागे नको करू, नाकातलं घशात जाईल. टॉवेल द्या. माझ्यामुळे लागलं तुला.

मुंगी : सर, पाणी माझ्या मांडीवर सांडतंय.

सर : मला दिसत होतं. सगळं दिसत होतं, हात कधी खाली येतो, तू काय मारायला हवं. आणि तोंडात शब्दच येईना. नुसती आजी येत होती.

मुंगी : हं.

सर : हसतेस काय?

मुंगी : हसत नाही. असंच होतं ते, सर. माहीत असतं, पण येत नाही. घाई केली की आणखी लांब जातं. रागावू नका स्वतःवर. मी रागावून बघितलंय, उपयोग नाही होत.

सर : मग काय करू?

मुंगी : शब्द शोधू नका. माणूस बघा. तुम्हाला आत्या आहे?

सर : होती.

मुंगी : कशी होती?

सर : तापट. आम्ही पोरं जेवायला बसलो की मागून यायची. पानात काही टाकलेलं दिसलं की बाजूने हात घालून कान धरायची. येताना कधी दिसलीच नाही मला.

मुंगी : मग झालं तर. मला सांगू नका. तिला हाक मारा.

वहिनी : रबर घाल. चल ऊठ.

सर : धाकटी! हं. धाकटी, धाकटी. दार लाव, हात वर! बाहेर ये. छान.

वहिनी : सर, आवाज निघायला लागला तुमचा.

सर : थांबा हो. टाकणार आता ती. टाकणार... आत्या! ये गं आत्या, ये!

वहिनी : हा दिसला! हा मला पण दिसला!

सर : परत! धाकटी... आत्या! अगं काय आत्या आहे! बसली बघा ती दोरावर!

वहिनी : मागचे लोक पण 'आत्या आत्या' करायला लागले. वळून बघा, ती टोपीवाली बाई उभी राहिलीय.

सर : तो हसायचा थांबला का हो, पलीकडचा?

वहिनी : हसतोय कसला. बोट दाखवून काहीतरी सांगतोय त्याच्या खेळाडूला.

सर : ओळखलं त्याने. 'आत्या' ऐकलं की गालावर हात धर म्हणून सांगतोय. हुशार आहेच तो. घंटा. स्टूल द्या.

मुंगी : पाणी.

सर : घोट घे, थुंक. नाक थांबलंय. ऐक आता. त्यांना आत्या कळलीय. मी आत्या म्हटलं की ती हात वर नेणार. म्हणजे खाली मोकळं. तर आता असं करू, मी आत्या ओरडेन, पण तू आजी पाठव. आणि आजी म्हटलं की आत्या. थोरली धाकटी तशाच राहू देत, फक्त या दोघी उलट. कळलं?

मुंगी : हो हो.

सर : दोनदा म्हणालीस.

मुंगी : काय?

सर : 'हो' दोनदा म्हणालीस. नाही कळलेलं तुला. माझंच चुकलं, असं उलटसुलट सांगायला नको होतं. थांब. विचार करू दे मला. वेळ आहे का हो?

वहिनी : थोडा आहे. सांगा पटकन, पण सावकाश सांगा.

सर : मुंगी, तुमच्या घरी आत्या आली की सगळे काय करतात?

मुंगी : तिच्याकडेच बघतात. दुसरं कोणाला सुचतच नाही.

सर : आणि तेवढ्यात मागून आजी आली तर?

मुंगी : तर कोणाचं लक्षच नसतं.

सर : तेच. आत्या म्हणजे आत्याच. पण ती एकटी येणार नाही. तिच्या मागोमाग आजी. दोघी मिळून येतील, आत्या आधी, आजी मागून. मी दोघींना हाक मारेन.

मुंगी : हो.

सर : एकदाच म्हणाली.

वहिनी : ऐकलं मी. रबर घाल गं. जा.

सर : धाकटी! हं, दमलीय ती, हात जड झालेत तिचे. धाकटी. लांब राहा. घाई नको, घाई नको...

वहिनी : तुम्ही माझा हात धरलाय, सर.

सर : अं? हो. असू दे. धाकटी, थोरली! बाहेर!

वहिनी : शेवटचा राउंड ना हा? संपत आला असेल ना?

सर : आला. आता टाकू दे तिला. टाक बाई, टाक एकदा... आत्या! आजी! आजी गं!

वहिनी : अगंबाई!

सर : हनुवटीवर! हनुवटीवर घेतला! पंच मोजताहेत. उठतेय ती. उठू दे, उठू दे, चांगली आहे पोरगी, लागलेलं नाही फार. पण संपलं आता. हात गालावर ठेव मुंगी, दार लाव, संपलं!

वहिनी : घंटा. घंटा झाली ना? सर, माझा हात सोडा आता, मला टाळ्या वाजवायच्यात.

(आतली खोली. मॅच संपलीय.)

मुंगी : सर, कात्री द्या, पट्टी ओली झालीय, सुटत नाहीये.

सर : मी काढतो. हात दे. बघ कसा सुजलाय अंगठा. बर्फ लाव घरी गेल्यावर.

वहिनी : घरी गेल्यावर आधी आरशासमोर उभी राहा. तुझ्या दादाला आज पण नाव घ्यायला वेळ लागणार.

मुंगी : पंचांनी हात वर केला ना माझा, तेव्हा कुठला केला, सांग.

वहिनी : कुठला?

मुंगी : थोरली. मला बरं वाटलं. तिला कधी कोणी विचारत नाही.

सर : तो आला होता आत्ता, माझा जोडीदार. दारात उभा राहून म्हणतो, 'ही कुठली पद्धत रे, मला पण शिकव.' मी म्हटलं, तुझ्या घरातली माणसं मला माहीत नाहीत, तुझी तू शोध.

वहिनी : आणि मोठ्या सरांना फोन?

सर : केला. सगळं सांगितलं. आडवे पडून हसत होते, मग पाठीत कळ आली म्हणून फोन ठेवला. मुंगी, त्यांचं म्हणणं आहे, उद्या फायनलला खुर्चीत बसवून आणा, ते कोपऱ्यात येतील. तुला काय हवंय ते सांग. मला राग येणार नाही.

मुंगी : त्यांना पहिल्या रांगेत बसवू. टोपीवाल्या बाईच्या शेजारी.

सर : आणि कोपऱ्यात?

मुंगी : तुमची आत्या कोपऱ्यात हवी मला. ती आमच्या आत्यापेक्षा भारी आहे.

सर : बरं. मग आता उद्याचं ऐक. उद्याची मुलगी बुटकी आहे, तुझ्यासारखीच. आत घुसते, चिकटते, आणि पोटात मारते. म्हणजे धाकटीचा फार उपयोग नाही. तू मागे सरकायचं नाही, कारण मागे दोर. बाजूला सरकायचं, पण ज्या बाजूला तिची थोरली आहे त्या बाजूला नाही. आणि आजी आधी, आत्या नंतर, आजच्या उलट. पण हात वर असतील तरच. नाहीतर आजच्यासारखंच. कळलं?

मुंगी : नाही, सर. नाही कळलं.

सर : हं. घे, आधी पाणी पी. पहिल्यापासून सांगतो.